ह्यात किती लग्नं मावतील?

परवा पुण्यात एका दुकानात मी हार्डडिस्क घ्यायला गेले होते. फोटो, मुलीच्या शाळेचे व्हिडिओ, कॉलेजचे पेपर, सगळं मिळून लॅपटॉप इतका भरला होता की सुरू केला की आधी जागा नसल्याची तक्रार करायचा. काउंटरवरच्या मुलाने चार डबे समोर मांडले. कुठली मोठी, कुठली वेगवान, कुठली हातातून पडली तरी चालेल, हे त्याने एका दमात सांगून टाकलं. मी म्हटलं, यातली एक जोडून दाखव. त्याने जोडली. मी ती उचलली आणि कानाला लावली.

"मॅडम, फोन नाहीये तो," तो म्हणाला.

चालू डिस्क अशी उचलू नये हे मी स्वतः वर्गात मुलांना सांगते. तरी मी ती कानाशी धरून उभी राहिले. आत बारीक घरघर चालू होती. हा वेडेपणा माझा नव्हे, माझ्या सोलापूरच्या घरमालकांचा. मला त्यांची एवढी आठवण आली की पुढचं काही न विचारता मी तीच डिस्क घेऊन बाहेर पडले.

सोलापूरला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला म्हणून मी करमाळ्याहून गेले, तेव्हा या काकांच्या घराच्या वरची खोली भाड्याने घेतली. गल्ली विणकरांची. काकांचे थोरले भाऊ टॉवेलच्या मागावर बसायचे, काकांनी मात्र माग सोडून कॅमेरा धरला होता. ते लग्नाचं शूटिंग करत. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि भांडायचं असलं की दखनी, अशा तीन भाषा ते सोयीने वापरत. खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, "कॉम्प्युटर शिकवता म्हणजे हार्डडिस्क कळत असंल की तुमाला?"

मी म्हटलं, थोडीफार कळते.

"मग राहा. आणि ते तिकडं नका बसू, हिकडं तोंड करा. खिडकीकडं. हां. आता दिसताय."

ही त्यांची कायमची खोड. घरी आलेला माणूस बसला की त्याची खुर्ची सरकवून त्याचं तोंड उजेडाकडे करायचं. गॅसवाला असो, नगरपालिकेचा माणूस असो, कुणाचीही सुटका नव्हती. "उजेडात बसा की," हे वाक्य मी त्या घरात इतकं ऐकलं की अजून माझ्या घरी कोणी आलं तर माझे डोळे आधी खिडकी शोधतात.

लग्नातही त्यांचं असंच काहीतरी उफराटं असायचं. नवरा-नवरी स्टेजवर उभे, अक्षता पडताहेत, आणि काकांचा कॅमेरा मांडवाच्या मागच्या टोकाला. तिथे एखादी म्हातारी सुपारी कातरतेय, कुणी आजोबा जावयाची टोपी सरळ करताहेत, आचारी कढईजवळ घाम पुसतोय. लोक कॅसेट बघून भांडायला यायचे. वैरागच्या एका वधूपित्याने तर दारातच सुनावलं होतं, "आमच्या जावयापेक्षा तुमी आचारीच जास्त काढलाय की ओ! लगीन कुणाचं होतं?" काका त्यांना शेंगाचटणी आणि कडक भाकरी खायला घालून शांत करत आणि पुढच्या लग्नात पुन्हा तेच करत.

कॉम्प्युटरवर प्रत्येक लग्नाचं वेगळं फोल्डर होतं. पण त्यावर नवरा-नवरीचं नाव नाही. 'वैराग – नवरदेवाचा बूट'. 'मोडनिंब – मठ्ठा संपला'. 'बार्शी – दोन मामा'. मी म्हटलं, काका, लोकांनी नाव सांगून लग्न मागितलं तर शोधणार कसं?

"नावं सगळी सारखीच असत्यात, मॅडम. मठ्ठा एकाच लग्नात संपला."

आणि खरंच, लोक यायचे आणि त्यांना सापडायचं. पण ते लग्न मागायला येत नसत. घरातलं कोणी गेलं की येत. दहावा-तेरावा उरकल्यावर एखादा मुलगा दाराशी उभा राहायचा, चप्पल काढू की नको अशा विचारात. "काका, आमच्या आत्त्याच्या लग्नाचं शूटिंग तुमी केलं होतं. आमचे दादा त्यात कुठं असले तर बघा की." फोटो त्यांच्याकडे असायचे, हवा असायचा तो हलणारा माणूस. काका त्याला उजेडात बसवत आणि विचारत, "लग्नात काय करायचे दादा? वाढायचे, का पत्ते खेळायचे, का रुसायचे?" त्यावरून ते मांडवाचा कोपरा ठरवत आणि त्या कोपऱ्यात माणूस सापडायचा. स्टेजवर दोन तास दिसलेला जावई कोणालाच नको असायचा.

माझे वडीलही त्यांनी असेच शोधून दिले. वडील शाळामास्तर होते, मी कॉलेजात असतानाच गेले. करमाळ्यातल्या आमच्या आळीत कोणाचंही लग्न असो, पंगतीत वाढायला ते पहिले उभे. आणि त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, पाहुण्याला, वाजंत्रीवाल्याला, मंडप बांधणाऱ्याला, सगळ्यांना तेच: "आधी जेवून घ्या, मग बाकीचं." हे मी बोलता बोलता काकांना सांगितलं होतं. काही महिन्यांनी ते जिना चढून वर आले आणि माझ्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला. "वाढणारे मास्तर. बघा हेच हायेत का."

तेच होते. धोतराचा सोगा खोचलेला, हातात वरणाची बादली. डोळ्यांवर आडवा हात धरून ते कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघत काहीतरी बोलत होते आणि हसत होते. मग उजेड कमी झाला आणि तुकडा संपला. मी तो पुन्हा पुन्हा लावला. आवाज नव्हता.

खाली जाऊन विचारलं तर काका म्हणाले, "आवाज कुणाचाच न्हाय ठेवला. तवा डिस्क एवढुशा असायच्या. कॅसेटी कॉम्प्युटरमधी घेताना आवाज काढून टाकला सगळा. आवाज लई जागा खातोय."

"असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"म्हणायला कशाला पायजे? नुसती गाणी भरायची म्हटली तरी एक अख्खी कॅसेट लागायची की! चित्र न्हाय काय न्हाय, नुसता आवाज, तरी कॅसेट भरायची. मग?"

कॅसेटी तरी आहेत का, असं विचारलं तर त्याही नव्हत्या. लोकांना द्यायच्या कॅसेटीवर बोलण्याऐवजी सिनेमाची गाणी भरायची, आणि मूळ कॅसेट पुसून तिच्यावरच दुसरं लग्न करायचं, ही त्यांच्या धंद्यातली सगळ्यांचीच रीत.

आता यांच्या घरातलं सांगते. काकू मी राहायला जायच्या आधीच गेल्या होत्या. भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता, ओळखपत्रावरचा मोठा करून घेतलेला, इतका पुसट की नाक कुठे संपतं ते कळू नये. बाकी फोटो नाही. सबंध जिल्ह्याची माणसं साठवून ठेवणाऱ्या घरात घरच्याच बाईचा हलता-बोलता एक तुकडा नव्हता. कारण काकू काकांच्या सगळ्या लग्नांत लाइट धरायच्या. काका कॅमेरा घेऊन पुढे, आणि त्यांच्या डाव्या हाताला, लांबलचक वायर ओढत, हात उंच करून काकू. एकदा काका त्यांना म्हणाले होते, ये, आज तुझंच घेतो जरा. तर काकू म्हणाल्या, "मग लाइट कोण धरणार?"

काका हे वाक्य सांगताना दर वेळी हसायचे. हसून झालं की चष्मा पुसायचे. माझ्यापासून त्यांनी ते कधी लपवलं नाही. "मॅडम, एवढ्या लग्नांत एका कोपऱ्यात तरी असंल की ती. एखाद्या आरशात. कुणाच्या मागं. सगळी लग्नं एका ठिकाणी आणायची, आणि पहिल्यापासनं शेवटपर्यंत बसून बघायची. न कापता. बास." जुन्या डिस्का तर एकेक मरायला लागल्या होत्या. कधी एखादी सुरू होताना टकटक करून बंद पडायची, आणि काका त्या दिवशी जेवायचे नाहीत. म्हणून एक मोठी, सगळं मावेल अशी, खिशात राहील अशी हार्डडिस्क घ्यायची हे त्यांनी ठरवलं. ठरवायला वेळ लागला नाही, निवडायला लागला.

सोलापुरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत काका दिसले की लोक शटर ओढायचे तेवढे बाकी होते. टीबी हा शब्द त्यांना चालायचा नाही. "टीबी-बीबी ठेव बाजूला. ह्यात किती लग्नं मावतील ते सांग की." दुकानदार बिचारा गुणाकार करायचा. मग पुढचा प्रश्न, "आपल्या मे महिन्यात टिकंल का?" मग डिस्क शर्टाच्या खिशात टाकून काका चपलेचा पट्टा लावायला वाकल्यासारखे वाकायचे, पडते का बघायला. पडली की नापास. शेवटी त्यांनी शिंप्याकडून सगळ्या शर्टांच्या खिशांना झाकण आणि बटण शिवून घेतलं, पण परीक्षा काही बंद केली नाही.

एका दुकानदाराने त्यांना नवी, आत काहीही न फिरणारी, हलकी, चौपट वेगाची डिस्क दाखवली. काकांनी ती जोडून कानाला लावली आणि परत दिली.

"आवाजच न्हाय की हिला."

"तेच तर काका! आवाज नाही, धक्का लागला तरी काही होत नाही."

"जे आवाज करत न्हाय ते कधी बंद पडलं कळायचं कसं? आमच्या घरातली गेली तेबी असंच कळलं न्हाय मला. सकाळी चहा ठेवायचा आवाज आला न्हाय, तवा कळलं."

दुकानदाराने ती डिस्क डब्यात परत ठेवली.

मी त्यांना शहाणपण शिकवत नव्हते असं नाही. उन्हाळ्यात एकदा खाली गेले तर एक चालू डिस्क माठाच्या झाकणावर ठेवलेली, वर फडकं. मी ओरडलेच. काका शांत. "घरात सगळ्यात गार जागा तीच हाय, मॅडम. तुमी वर पत्र्याखाली राहता, तुमाला तर कळायला पायजे." त्या डिस्कने पुढे आठवडाभरात मान टाकली. तेव्हापासून ती 'माठावरची' म्हणून कपाटात एका टॉवेलात गुंडाळून ठेवलेली होती.

शेवटी एका शनिवारी आम्ही दोघं बाजारात गेलो, आज घ्यायचीच असं ठरवून. दुकान नेहमीचंच. काकांनी वजन बघितलं, वायरची लांबी बघितली, कानाला लावली आणि मान डोलवली. मला वाटलं सुटलो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आणि समजा, पुढं कुणाला चित्र आणि आवाज दोनी ठेवायचं झालं, तर ह्याच्या दुप्पट मोठी घ्यावी लागंल का?"

दुकानदार हसला. "आवाजाला कितीशी जागा लागते काका? भाताच्या पातेल्यात मीठ घातल्यासारखं. कळणारसुद्धा नाही."

"मीठ?"

"मीठच. व्हिडिओच जागा खातो सगळी."

काकांनी डिस्क काउंटरवर ठेवली. बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीवर बसले. समोरून रिक्षा जात होत्या, ऊन पायांवर येत होतं, ते सरकले नाहीत. मी शेजारी बसून पाण्याची बाटली पुढे केली तर म्हणाले, "मांडवात ती सारखी बोलायची, मॅडम. 'सरका की ओ जरा', 'मावशी, हिकडं बघा की', आपल्या तेलुगू लोकांत असली की तेच 'जरगंडी, जरगंडी'. लोक हसायचे ते तिच्या बोलण्यानं. मी कानाला हेडफोन लावून तेच काढून टाकत बसलो होतो. जागा न्हाय म्हणून." मग म्हणाले, "मीठच काढून टाकलं की सगळ्यातनं."

मला माझ्या वडिलांचा मुका हसरा चेहरा आठवत होता. आम्ही दोघंही एकाच गोष्टीसाठी त्या पायरीवर बसलो होतो, आणि ती गोष्ट आता जगातल्या कुठल्याही डिस्कवर नव्हती. मला रडू आलं, मी ते आवरलं नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं, उठले आणि आत जाऊन म्हणाले, "मोठ्यात मोठी द्या. आता काय पण कापायचं न्हाय."

दोन वर्षांनी माझी बदली झाली आणि मी पुण्याला आले. पुढे काका मुलीकडे हैदराबादला गेले. फोनवर बोलणं व्हायचं, पहिलं वाक्य नेहमीचं, "उजेडात बसलाय का?" गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचा फोन आला की बाबा गेले, आणि डिस्क शेवटपर्यंत खिशात होती, खिशाचं बटण लावलेलं. ती मला विचारत होती, यात बघण्यासारखं नेमकं काय आहे, सगळी परकीच लग्नं दिसताहेत. मी तिला फोल्डरचं नाव सांगितलं. 'करमाळा – अंधार'.

ते सापडलं होतं सोलापुरातच, ती मोठी डिस्क घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी. सकाळपासून आम्ही जुन्या डिस्का एकेक करून नवीत उतरवत होतो. कॉपी होताना काकांची बोटं डिस्कवर, ताप बघितल्यासारखी. दुपारी मी ती माठावरची काढली. काका म्हणाले, सोडा तिला. मी वायर बदलून बघितली आणि ती चक्क घरघरायला लागली. त्यात करमाळ्याचं लग्न होतं, मुकंच, पण न कापलेलं, सबंध.

"त्यातलं चांगलं तेवढं काढून तुमाला दिलंय," काका म्हणाले. "पुढं नुसता अंधार हाय. वायर सुटली होती त्या दिवशी."

"न कापता बघायचं ठरलंय ना?"

मी ते लावलं. पंगत बसली होती. वडील बादली घेऊन आले, डोळ्यांवर हात आडवा धरला, बाजूला बघितलं. आता मी नीट बघितलं. ते कॅमेऱ्याशी बोलत नव्हते, लाइट धरणारीशी बोलत होते. बादलीच्या हाताने त्यांनी पंगतीतली एक रिकामी जागा दाखवली. आवाजाची गरजच नव्हती. आधी जेवून घ्या, मग बाकीचं. मी ते मोठ्याने म्हटलं.

पडद्यावरचा उजेड हलला, नको नको म्हटल्यासारखा. वडिलांनी पुन्हा जागा दाखवली. उजेड खाली खाली आला, लोकांच्या पायांवर गेला आणि विझला. इथेच माझा तुकडा संपत होता. पुढे काळपट, दाणेदार चित्र, जोरात हलणारं.

"मी ओरडतोय हितं," काका म्हणाले. "लाइट कुटं, लाइट कुटं म्हणून. नंतर आली तवा म्हणाली, वायर सुटली होती."

कॅमेरा तिला शोधत मांडवभर फिरला. डोळे सरावले तसं दिसायला लागलं, मांडवातल्या ट्यूबच्या फिक्या उजेडात पंगत चालूच होती. कॅमेरा पंगतीवरून पुढे गेला, परत आला आणि थांबला. त्या रिकाम्या जागेवर एक बाई बसली होती. विझलेली लाइट मांडीशेजारी ठेवलेली, वायर पायाभोवती. माझे वडील वाकून तिच्या भातावर वरण घालत होते. तिने पानावर हात आडवा धरला, पुरे म्हणून. त्यांनी तरी वाढलं. ती मान वर करून हसली आणि मग घाईघाईने, मोठे घास घेत, जेवायला लागली. मध्येच एकदा मान वळवून कॅमेऱ्याकडे बघितलं, चोरी पकडली जाते की काय अशा नजरेने.

काका खुर्ची पुढे ओढून पडद्याच्या अगदी जवळ गेले. त्यांनी हात वर केला, तो नेहमीसारखा कोणाचं तोंड उजेडाकडे वळवायला निघालेला हात, आणि तसाच खाली घेतला. पडद्यावर कॅमेरा अजून हलत होता, तेव्हाचे काका अजून ओरडत असणार.

"जेव," काका पडद्याला म्हणाले. "जेव की. सावकाश जेव."